फुगीर अक्षरे आणि शिरोरेषेचा अडसर

प्रश्न : आमच्या लिंबायतच्या गणेश मंडळाचा फलक यंदा हाताने करायचा आहे. इंग्रजी फुगीर अक्षरे जमतात, पण ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहिताना सगळे चिकटून लगदा होतो. काय करू? – एक वाचक, सुरत

उत्तर : दोष तुमच्या हाताचा नाही, शिरोरेषेचा आहे. ही फुगीर अक्षरे १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या भित्तिचित्रकारांनी रुजवली ती रोमन लिपीत. तिथे प्रत्येक अक्षर सुटे असते.

उपाय तुमच्या गल्लीतच आहे. दुकानांच्या गुजराती पाट्या पाहा. त्या लिपीला शिरोरेषा नाही, तरी दोन तुकड्यांचा ‘ग’ बिनचूक वाचला जातो, कारण तुकडे जवळ आहेत आणि दोन अक्षरांमधली फट त्याहून मोठी आहे. हे अंतर तेवढे उचला, वळणे नकोत; गुजराती ‘क’, ‘ज’, ‘ब’ वेगळे असतात.

आधी पेन्सिलीने फिकट सांगाडा काढा, शिरोरेषेशिवाय. दोन अक्षरांमध्ये एरवीपेक्षा दुप्पट जागा सोडा. मग रेषेभोवती सारख्या अंतरावर बाह्यरेषा फिरवा, कोपरे गोल करा, सांगाडा खोडा. ‘ब’, ‘प’, ‘म’ यांच्या पोटातली पोकळी बुजू देऊ नका. लगदा तिथेही होतो. ‘प्पा’ला रुंदी जास्त द्या. वेलांटी आणि मात्रा थोड्या बारीकच ठेवा.

शिरोरेषा हवीच असेल तर शेवटी, प्रत्येक अक्षरावर वेगळी गोलसर उशी ठेवल्यासारखी काढा. मी मात्र ती गाळेन.

चकाकीचा पांढरा ठिपका सगळ्या अक्षरांवर एकाच बाजूला द्या. थेट फलकावर हात घालू नका. आधी रद्दीच्या कागदावर पूर्ण मापात काढून, रस्त्यापलीकडून वाचून पाहा.