शंका-समाधान : मुंगीचं बळ आणि हल्कचा रंग

शंका : सुपरमॅन उडतो, याला काही शास्त्रीय आधार आहे का? मुलगा रोज विचारून भंडावून सोडतो. (एक पालक, सांगली)

समाधान : त्याला आधी हे सांगा, की सुरुवातीला सुपरमॅन उडतच नव्हता. १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला तेव्हा नुसत्या उड्या मारायचा, एका उडीत साधारण दोनशे मीटर. जेरी सीगल आणि जो शुस्टर या त्याच्या जनकांनी त्याच अंकात ‘शास्त्रीय’ खुलासाही देऊन टाकला होता. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, नाकतोडा कुठल्या कुठे झेप घेतो, मग आमच्या नायकाला का जमू नये? खुलासा ऐटबाज, पण चुकीचा. मुंगी लांबी, रुंदी, उंचीत शंभर पट मोठी केली, तर तिच्या स्नायूंचा छेद, आणि म्हणून ताकद, दहा हजार पट वाढते. वजन मात्र दहा लाख पट! अशी मुंगी ओझं राहू द्या, स्वतःच्या पायांवर उभी राहायची नाही. मुलाला हे गणित वहीवर करायला द्या, दोन दिवस तरी शांततेत जातील.

उडणं आलं ते १९४०च्या दशकात. पडद्यावर सारखा उड्या मारणारा नायक बरा दिसेना, म्हणून कार्टूनपटवाल्यांनी त्याला सरळ उडवला, असं सांगतात. सुपरमॅनची ताकद हरणारं क्रिप्टोनाइटही कॉमिकमधून आलेलं नाही. १९४३ मध्ये ते रेडिओवरच्या मालिकेत आलं, कागदावर उतरायला १९४९ उजाडलं. या धंद्यात गरज आधी पडते, विज्ञान मागाहून चिकटवलं जातं.

शंका : हल्क हिरवाच का? (ऑफसेट प्रेसचालक, इचलकरंजी)

समाधान : तुम्हाला हे उत्तर पटकन पटेल. १९६२च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता. पण राखाडी छटा रंगीत ठिपके एकमेकांवर बसवून काढायची, तर एका शाईचं प्रमाण जरा हललं की छटा पळते. झालंही तसंच. एका पानावर फिका, दुसऱ्यावर काळपट, असा तो छापून आला. दुसऱ्या अंकापासून हिरवा केला आणि छपाईखान्याची कटकट मिटली. कथेत ज्या गॅमा किरणांमुळे तो हल्क होतो, त्यांचा आणि त्या रंगाचा संबंध एवढाच.

शंका : कॉमिक्सनी मुलं बिघडतात, असं पालकसभेत ठासून सांगण्यात आलं. यात तथ्य किती? (निवृत्त शिक्षिका, नाशिक)

समाधान : बाई, हा आरोप सत्तर वर्षांचा आहे. फ्रेडरिक वर्थॅम या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९५४ साली ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचं खापर कॉमिक्सवर फोडलं. सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांनी साक्षही दिली. धास्तावलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. पुढे कॅरल टिली या संशोधिकेने वर्थॅम यांची मूळ टिपणं तपासली आणि मुलांचे जबाब त्यांनी सोयीने वाकवल्याचं २०१२ मध्ये दाखवून दिलं.

त्या कोडचा एक नमुना सांगतो. ‘ईसी’ या प्रकाशनाने १९५३ मध्ये ‘जजमेंट डे’ ही विज्ञानकथा छापली होती. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून अगदी सारखे, तरी निळ्यांना वस्ती वेगळी आणि कामं हलकी. ग्रह अजून नापास, असा शेरा देऊन तो परततो. शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो, तेव्हा कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. १९५६ला ही कथा पुन्हा छापायची ठरली, तर कोडवाल्यांचा आग्रह, की त्याचा वर्ण बदला! प्रकाशक विल्यम गेन्स यांनी साफ नकार दिला आणि कथा आहे तशी छापली. गंमत अशी, की ज्यांच्या पुस्तकाने कोडला बळ दिलं ते वर्थॅम हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र फीत दवाखाना चालवायचे. चांगल्या हेतूची नियमावली कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही.

रद्दड कॉमिक्स भरपूर असतात, जशा रद्दड कादंबऱ्याही असतात. पालकसभेत एवढंच विचारा, की आरोप करणाऱ्यांनी शेवटचं कॉमिक कधी उघडलं होतं.

शंका : माळ्यावर ‘इंद्रजाल’चे जुने मराठी अंक सापडले. कसे जपावेत? (एक वाचक, चिपळूण)

समाधान : भाग्यवान आहात. टाइम्स समूहाने १९६४ ते १९९० चालवलेली ही मालिका, वेताळ या नायकाचं डेंकालीचं जंगल आपल्याकडे आणणारी. कागद वर्तमानपत्री, त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडतो आणि तुकडे पडू लागतात. तुमच्याकडे वर दमट हवा. अंक ऊन आणि ओल लागणार नाही अशा कपाटात, आम्लविरहित कागदात गुंडाळून आडवे ठेवा. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा. फाटलं तरी सेलोटेप लावू नका, त्याच्या गोंदाचा डाग निघत नाही. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, कुणी फुकट करून दिलं तरी.