नदीकाठची इमारत : धंदा बदलला तरी कामाला येईल अशी

अंबरनाथ एमआयडीसीच्या आसपास जुन्या कारखान्यांच्या जागी नव्या इमारती उठत आहेत. खाली दुकाने, मधे ऑफिसे किंवा शिलाईचे गाळे आणि वर घरे, असा त्यांचा थाट असतो. वालधुनी नदीच्या काठची जागाही लोक आता विचारू लागले आहेत. आमच्या ओळखीचे काही व्यापारी भाऊ-भाऊ मिळून अशा इमारतीत पैसा घालण्याच्या विचारात आहेत. आयुष्याची कमाई एका ठिकाणी लावायची, तर आधी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या. आम्ही इंजिनियर नाही, कापडवाले आहोत. पण गोदामे घेतली, सोडली, पाण्यात गेलेली पाहिली, त्यातून जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की धंद्याचे वय कमी आणि इमारतीचे वय जास्त असते. उल्हासनगरकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींत राहायला आले आणि 1949 साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांसाठी बांधलेल्या त्याच लांबलचक बराकींत आधी घरे झाली, मग पुढच्या बाजूला दुकाने निघाली, मागे यंत्रे बसली. बराक साधी, लांब आणि मोकळी होती, म्हणून हे जमले.

याच्या उलट उदाहरण जीन्स धुलाईचे. नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण न्यायालयात गेले आणि 2018 च्या सुमारास उल्हासनगरातील धुलाईचे कारखाने बंद करावे लागले. ज्या गाळ्यात फक्त टाक्या आणि गटारे आहेत, ज्याचे छत बुटके आहे, तो गाळा दुसरा कोण भाड्याने घेईल? म्हणून आज ज्या धंद्यासाठी बांधता, त्याच्या पुढच्या धंद्याचाही विचार नकाशातच करावा.

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने हेच केले. तेथे एल्ब नदीच्या काठी 1888 साली विटांची मोठी वखार-वस्ती सुरू झाली. कॉफी, मसाले आणि पुढे गालिचे तेथे साठविले जात. आज त्याच इमारतींत ऑफिसे आणि संग्रहालये आहेत, काही गालिचेवालेही आहेत. शेजारच्या जुन्या बंदराच्या 157 हेक्टर जागेवर 2000 सालच्या आराखड्याप्रमाणे नवी वस्ती उभारली गेली. तिथल्या नव्या इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे 8 मीटर उंच भरावावर आहेत. तळमजल्याची उंची बहुतेक ठिकाणी 5 मीटर ठेवली आहे, म्हणजे आज दुकान असेल तर उद्या खानावळ, परवा कारखानाही तेथे बसू शकेल.

आता आपल्याकडे काय पाहावे, ते क्रमाने सांगतो.

1. पूररेषा. 26 जुलै 2005 चा दिवस या पट्ट्यात कोणी विसरलेले नाही. आमच्या गोदामातले खालच्या थरातले ताके त्या दिवशी चिखलात गेले. रंग एकमेकांत उतरले आणि माल चिंधीच्या भावाने द्यावा लागला. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, तेही सर्वांना आठवत असेल. पाटबंधारे खाते नदीला दोन रेषा आखते. निळी रेषा सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत इमारत बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचे तर ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच असावे लागते. जागेचा सौदा करण्याआधी नकाशावर या दोन्ही रेषा दाखवायला सांगा. वीज मीटर, पंप आणि लिफ्टची यंत्रे पुराच्या पातळीच्या वर असावीत. तळघरात माल ठेवण्याचा मोह टाळावा.

2. उंची आणि खांब. भिंत पाडता येते, पण उंची नंतर वाढविता येत नाही आणि खांब हलविता येत नाही. तळमजला साडेचार मीटरच्या आसपास असावा. खांबांमध्ये साडेसात-आठ मीटर अंतर मिळाले तर शिलाईच्या रांगा, दुकान किंवा गाड्या, काहीही मावते. आतल्या भिंतींवर इमारतीचा भार नसावा. इमारत फार खोल असू नये, नाहीतर मधल्या भागाला उजेड मिळत नाही आणि तेथे पुढे घरे करता येत नाहीत.

3. वजन. येथे आपले लोक सर्वांत जास्त चुकतात. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब प्रत्येक चौरस मीटरला साधारण 200 किलो भारासाठी धरतात, दुकानाचा 400 किलो, आणि गोदामाचा किमान 750 किलो. म्हणजे घरासाठी बांधलेल्या मजल्यावर कापडाचे ताके छतापर्यंत रचले तर तो भार तिप्पट-चौपट होतो. मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरच्या मजल्यापासून खालपर्यंत कोसळले आणि माणसे दगावली. प्रत्येक इमारतीचे दुखणे वेगळे असते, पण स्लॅब फाजील वजन माफ करीत नाही. खालचे दोन मजले तरी गोदामाच्या भाराचे बांधून घ्या. त्यावर घर केव्हाही करता येईल. घराच्या मजल्यावर गोदाम मात्र करता येणार नाही.

4. जिने आणि नळ. घरांचा जिना वेगळा आणि मालाचा जिना-लिफ्ट वेगळी हवी. कापडाला आग लवकर लागते. वर बायका-मुले राहणार असतील तर बाहेर पडायला दुसरा जिना हवाच, आणि तो सामानाने अडविलेला नसावा. पाण्याचे व सांडपाण्याचे उभे पाइप एका जागी, उघडता येतील असे ठेवावेत. प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र मीटर असावा. असे केले तर उद्या वारसांमध्ये वाटणी करतानाही भिंतीवरून भांडण होत नाही.

5. कागद. एमआयडीसीचा भूखंड साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि तो ज्या कामासाठी दिला त्याच कामाला वापरायचा असतो. इमारत कितीही सोयीची असली तरी परवानगीशिवाय कारखान्याचे घर किंवा घराचा कारखाना करता येत नाही. म्हणून मंजूर नकाशा, अग्निशमनाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती हातात आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

राहिली गोष्ट नदीची. वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालापासून उभे आहे. नदी मात्र कारखान्यांच्या पाण्याने आपल्याच पिढीत काळी झाली. काठच्या इमारतीला किंमत येईल ती नदी स्वच्छ असली तरच. रंगाचे व धुलाईचे पाणी प्रक्रियेशिवाय सोडणारा शेजारी असेल तर खिडकी नदीकडे असून काय उपयोग? आणि तो शेजारी आपणच असलो, तर तक्रार कोणाकडे करणार?

मजबूत स्लॅब, उंच तळमजला आणि दुसरा जिना यांना खर्च जास्त येतो, हे आम्ही नाकारीत नाही. तो खर्च संगमरवर आणि दर्शनी काचेतून कापावा. बिल्डरकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्या : लाल पूररेषा कोठे आहे? स्लॅब किती किलोचा आहे? हा धंदा बंद पडला तर या जागेत दुसरे काय चालेल? उत्तरे तोंडी घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीने कागदावर घ्या. त्या कागदापुढे तुमच्या भरवशाचा एखादा इंजिनियर बसवा आणि मगच सही करा. त्याची फी वाचविण्याच्या नादात पुढे स्लॅब, माल आणि माणूस गमावण्याची वेळ कोणावरही येऊ नये.