पंक्तीला बसवा, उपदेश नको

माझ्या धाकट्या भावाने मंडळी सोडली, त्याला बरीच वर्षं झाली. उपासनेला येणं आधी कमी झालं, मग प्रभुभोजन घेणं थांबलं, आणि एका नाताळात त्याने आप्पांना सरळच सांगितलं, माझा विश्वास उरलेला नाही. आप्पा चर्चच्या कमिटीवर होते. त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायावर बोट ठेवलं: अशाच्या पंक्तीला बसू नये.

हे वचन बऱ्याच घरांत असंच पुढे केलं जातं. पण पौल तिथे बोलतो तो स्वतःला बंधू म्हणवून राजरोस व्यभिचार, लोभ, दारूबाजी करणाऱ्याविषयी, आणि लगेच पुढे सांगतो की बाहेरच्यांचा न्याय देव करील. आपली शंका प्रामाणिकपणे बोलून दाखवणाऱ्या मुलाला ते लावणं अन्याय आहे. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तर विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला राजी असेल, तर त्याला टाकू नये असं सांगितलंय.

आम्ही अहमदनगरकडचे. आमच्याकडे हे जास्तच लागायला हवं. आमच्याच भागात राहून गेलेल्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंची त्यांच्यापासून ताटातूट झाली. पुढे दोघं एकत्र आली, तेव्हाही काही काळ एका छपराखाली दोन श्रद्धा नांदल्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना आपण नातेवाइकांनी तोडलेल्या माणसांसाठी हळहळतो. आमच्या पणजोबांनाही ख्रिस्ती झाल्यावर भावकीने असंच तोडलं होतं. ती गोष्ट घरात अभिमानाने सांगायची आणि स्वतःच्या पोराला तसंच वागवायचं, हे मला पटत नाही.

सगळ्यांत खोल जखम मात्र प्रार्थनेने केली. कुणाच्या तरी घरच्या प्रार्थनासभेत भावाचं नाव घेऊन ‘भरकटलेल्या मेंढरासाठी’ विनंती झाली आणि ती आठवड्याभरात त्याच्या सासरी पोचली. त्यानंतर त्याने घरी येणंच सोडलं. आई गेली तेव्हा आला. पेटीला खांदा कुणी द्यायचा, यावर अंगणात कुजबुज चालली होती, आणि आईचा सख्खा मुलगा फाटकापाशी उभा होता. मी त्याला हाताला धरून पुढे आणलं. कुणी अडवलं नाही; पण त्याला स्वतःहून ‘ये’ म्हणणाराही कुणी नव्हता. म्हणून सांगते, आपल्या माणसासाठी रोज प्रार्थना करा, पण देवापुढे, एकांतात. त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं तर आधी त्याला विचारा. त्याला न सांगता पाळकसाहेबांना त्याच्या दारी नेऊ नका.

संत मोनिकानेही मुलगा ऑगस्टीन भलत्या पंथाला लागला म्हणून आधी त्याला आपल्या पंक्तीला घ्यायचं नाकारलं होतं. नंतर तिनेच त्याला घरात घेतलं. एका बिशपने तिला सल्ला दिला, त्याला आहे तिथे राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला. अर्थात प्रत्येक घरात तसं होईलच असं नाही, आणि त्या आशेवर प्रेम करणं म्हणजे सौदा झाला.

तो का गेला, हे मात्र विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. कुणी चर्च कमिटीच्या निवडणुकीच्या भांडणांना विटून जातं, कुणाला मंडळीतच जात विचारली गेलेली असते. कुणी जातीच्या दाखल्यापायी अंतर ठेवतं, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. चूक मंडळीची असेल तर ती कबूल करा, तिची बाजू घेऊन भांडू नका.

आणि आजी-आजोबांनो, नातवंडांना आईबापांच्या नकळत संडे स्कूलला नेऊ नका. त्यांनी विचारलं तर तुमचा विश्वास काय, तो मोकळेपणाने सांगा, आणि काय सांगितलं ते घरी आल्यावर त्यांच्या आईबापांनाही सांगा.