पिशवीतील पाणी : न गळणाऱ्या बाटलीची निवड

प्रवासाला निघताना पाणी बरोबर घेण्याची रीत आपल्या देशात आगगाडीपेक्षा पुष्कळच जुनी आहे. मात्र ते पाणी कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या शेजारी, एकाच पिशवीत, वाटेल तसे आडवेतिडवे टाकून न्यावे ही अपेक्षा नवी आहे. पखाल जनावराच्या पाठीवर असे, मशक भिस्त्याच्या खांद्यावर असे, आणि जाड कापडाची छागल गाडीच्या खिडकीबाहेर टांगलेली असे. ह्यांतून थोडे पाणी झिरपले तर कोणी तक्रार करीत नसे. छागलीचा तर झिरपणे हाच गुण होता. विणीतून बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते आणि उरलेले पाणी गार राहते. मातीच्या सुरईचेही तसेच आहे. महाराष्ट्रातील घरांत प्रवासासाठी राखून ठेवलेला फिरकीचा तांब्या हा ह्या सर्वांत आजच्या बाटलीला जवळचा नातेवाईक म्हणता येईल. त्याच्या तोंडाला आटे असत व झाकण फिरवून घट्ट बसवता येई. परंतु तेथे धातूवर धातू टेकत असल्यामुळे तोही कडीला धरून, शक्यतो उभाच न्यावा लागे.

आज तीच पिशवी पाण्याबरोबर वह्या, औषधे, कागदपत्रे आणि भ्रमणध्वनी वाहते. बाटली गळली तर नुकसान केवळ ह्या वस्तूंचे होत नाही. ज्या मुलाचे पुस्तक एकदा भिजले ते मूल दुसऱ्या दिवशी बाटली अर्धीच भरते, तिसऱ्या दिवशी घरी ठेवते, आणि शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. मुले पुरेसे पाणी पीत नाहीत ही अडचण एवढी खरी आहे की केरळमधील काही शाळांनी २०१९ साली केवळ पाणी पिण्याची आठवण म्हणून ठरावीक वेळी घंटा वाजवण्यास प्रारंभ केला. दुसरीकडे, सिक्कीममधील लाचेन गावाने २०१२ मध्ये विकतच्या बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली, आणि १ जानेवारी २०२२ पासून त्या राज्याने तोच निर्णय सर्वत्र लागू केला. अशा ठिकाणी जाणाऱ्याला स्वतःची बाटली बाळगण्यावाचून गत्यंतर नसते. ती विश्वासार्ह असावी, एवढेच काय ते त्याच्या हाती उरते.

बाटली घेताना ग्राहक बहुधा तिचे अंग पाहतो. रंग, जाडी, चकाकी, पकड हे सर्व तो न्याहाळतो. वस्तुतः धड बाटलीचे अंग क्वचितच गळते. गळते ते झाकण, आणि झाकणातही पाणी अडवण्याचे काम आटे करीत नाहीत. कितीही सुबक आटे पाडले तरी दोन कठीण पृष्ठभागांमध्ये पाण्याला वाट मिळेल एवढी फट राहतेच. आट्यांचे काम एखाद्या शिकंजाचे आहे. बाटलीची कड आणि झाकण ह्यांच्या मध्ये ठेवलेली मऊ चकती ते दाबून धरतात, ती चकती चेपून खाचखळग्यांत शिरते आणि फट बुजवते. ह्या चकतीला आपल्याकडे वॉशर, आणि दुकानदारांच्या बोलीत सरळ वायसर म्हणतात. तोच शब्द येथे वापरणे बरे, कारण नवीन चकती आणायला गेल्यावर हाच शब्द उपयोगी पडतो.

अमेरिकेत जॉन लँडिस मेसन ह्याने १८५८ साली आट्यांच्या झाकणाची काचबरणी पेटंट केली, तिचे यश ह्याच जोडीवर उभे होते. तिच्या झाकणाखाली रबराचे कडे असे. तसे रबर वीस वर्षांपूर्वी मिळणे शक्य नव्हते, कारण कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. चार्ल्स गुडइयर ह्याने १८३९ मध्ये गंधकाबरोबर तापवून त्याला टिकाऊपणा आणला, तेव्हाच अशी झाकणे व्यवहारात येऊ शकली. इंग्लंडमधील हायरम कॉड ह्याची १८७२ सालची गोटी सोड्याची बाटली तर आपल्या बाजारपेठांतून सर्वांच्या परिचयाची झाली. तिच्यात गोटीला रबरी कड्यावर दाबून धरण्याचे काम आतला वायूच करतो. जितका दाब अधिक तितकी गोटी अधिक घट्ट बसते. साध्या पाण्याच्या बाटलीत अशी मदत नसते. तेथे सर्व दाब हाताने, आट्यांच्या द्वारा द्यावा लागतो, आणि पुढे आपण पाहूच की आत निर्माण होणारा दाब झाकणाच्या विरुद्धच काम करतो.

पाणी बाहेर कसे येते, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. बाटली उलटी धरली आणि थेंब पडला नाही, म्हणजे ती गळत नाही असे समजण्याची चूक सर्रास होते. अतिशय बारीक फटीत पाण्याचा पृष्ठताण पाण्याला धरून ठेवतो. शिवाय पाणी बाहेर यायचे तर तितकीच हवा आत शिरावी लागते, आणि एकाच अरुंद वाटेने ही देवाणघेवाण सहजी होत नाही. चालताना, बसमध्ये किंवा दुचाकीवर बसणाऱ्या हिसक्यांनी मात्र हा तोल मोडतो. दुकानात कोरडी राहिलेली बाटली पिशवीत गळते ती ह्यामुळे.

ह्याहून बलवान कारण उष्णता आहे. समजा, २० अंश सेल्सिअस तापमानाला एक ताठ बाटली अर्धी भरून बंद केली आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती ४० अंशांपर्यंत तापली. आत कोंडलेली हवा प्रसरण पावू पाहते, पाण्याची वाफही वाढते, आणि दोन्ही मिळून बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक दाब निर्माण करतात. हा दाब एक मीटरहून उंच पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. आडव्या पडलेल्या बाटलीत पाण्याची स्वतःची उंची सहा-सात सेंटिमीटर असते, म्हणजे उष्णतेचा रेटा तिच्या पंधरापटीहून अधिक झाला. झाकणाचे तोंड ५ सेंटिमीटर रुंद असेल तर ह्या दाबाने त्याच्यावर आतून जवळजवळ अडीच किलो वजनाइतका भार येतो. तोंड त्याच्या निम्मे असेल तर भार एकचतुर्थांश होतो. पूर्ण भरलेल्या बाटलीपेक्षा अर्धवट रिकामी बाटली अधिक गळते, असा अनेकांचा अनुभव आहे, त्याचे एक कारण हे. आत कोंडलेल्या हवेला प्रसरण पावायला जितका वाव, तितके अधिक पाणी ती बाहेर लोटू शकते.

चढणीवर तापमान वाढले नाही तरी हाच परिणाम होतो, कारण तेथे बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. कालक्याहून सिमल्याला जाणारी छोटी गाडी सुमारे १४०० मीटर वर चढते. खाली बंद केलेल्या बाटलीत वर पोहोचेपर्यंत दीड मीटर पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब साठतो. दिल्लीहून सुमारे ३५०० मीटर उंचीवरील लेहला पोहोचेपर्यंत हा आकडा तीन मीटरांच्या पुढे जातो. नळीच्या बाटलीत हे दृश्य मोठे गमतीचे असते. नळीचे एक टोक पाण्यात बुडालेले असते, वरची हवा पाण्याला खाली दाबते, आणि प्रवाशाने तोंडाजवळचे बूच उघडताच पाण्याची चिळकांडी चष्म्यावर उडते. विमानातही हेच घडते, कारण उड्डाणात तेथील हवेचा दाब साधारणतः १८०० ते २४०० मीटर उंचीवरील दाबाइतका ठेवलेला असतो. उपाय सोपा आहे. घाट चढताना झाकण एकदोनदा सैल करून हवा सोडून द्यावी व पुन्हा बंद करावे.

आता झाकणांच्या प्रकारांकडे वळू. बाजारात बटण दाबताच उघडणारी, नळीची, चोचीची, आणि झाकणात पुन्हा छोटे झाकण असलेली अशी नाना तऱ्हेची झाकणे मिळतात. प्रत्येक सोयीबरोबर एक नवी फट येते, हे ध्यानात ठेवावे. नळीच्या बाटलीला पाणी ओढता यावे म्हणून हवा आत येण्याचे दुसरे छिद्र ठेवावे लागते. म्हणजे पाण्याला एक वाट आणि हवेला एक वाट अशी सोय गळतीला आयतीच मिळते. वर्गात बाकावर उभी ठेवायला ती उत्तम. दप्तरात आडवी टाकायला नव्हे. पिशवीसाठी एकच तोंड, एकच वायसर आणि फिरकीचे साधे झाकण ह्यांना मी तरी पहिली पसंती देईन. ब्रश आत जाईल इतके तोंड रुंद असावे, पण त्याहून फार रुंद नको, ह्याचे कारण वर दिलेल्या हिशेबात आलेच आहे. झाकण सहज फिरून शेवटी मऊसर अडल्यासारखे थांबावे. खटकन् थांबले तर धातूवर धातू किंवा प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक टेकले आणि वायसर नीट चेपला गेला नाही, असे समजावे.

परीक्षा घरी आणल्यावर त्याच दिवशी करावी, म्हणजे बदलून घेता येते. पंक्चर काढणारा सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, तीच युक्ती येथे चालते. बाटलीत हाताला सोसवेल इतके गरम पाणी अर्धे भरावे, झाकण नेहमीच्या जोराने लावावे, एकदा हलवावे, आणि बाटली बादलीतील गार पाण्यात उभी अशी बुडवावी की झाकण पाण्याखाली जाईल. कडेने बुडबुड्यांची माळ निघाली तर ती बाटली पिशवीच्या कामाची नाही. त्यानंतर बाटली पुसून, वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदात गुंडाळून, तोंड किंचित खाली करून रात्रभर आडवी ठेवावी. ह्या दुसऱ्या परीक्षेसाठी पाणी खोलीच्या तापमानाचेच घ्यावे. गार पाणी घेतले तर निष्पाप बाटलीवर आळ येण्याचा संभव असतो. मुंबई, चेन्नई, कलकत्ता अशा दमट शहरांत गार भांड्याच्या अंगावर हवेतील बाष्पच थेंबांच्या रूपाने जमते. पिशवी ओली झाली म्हणून टाकून दिलेल्या कित्येक एकपदरी बाटल्या मुळीच गळत नसतात, त्यांना केवळ घाम आलेला असतो. अशा हवेत गार पाणी न्यायचे असेल तर दुहेरी भिंतीची बाटली घ्यावी. जेम्स ड्यूअर ह्याने १८९२ साली प्रयोगशाळेसाठी बनवलेल्या निर्वात कुपीचाच तो वंशज आहे. मधल्या पोकळीतील हवा काढून टाकल्यामुळे आतील थंडी बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोहोचत नाही आणि घामही येत नाही.

मात्र दुहेरी भिंत म्हणजे अधिक वजन. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणानुसार दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. २२ किलो वजनाच्या मुलाला ह्या हिशेबाने २ किलो २०० ग्रॅम मिळतात. पाऊण लिटर पाणी आणि पोलादी बाटली मिळून त्यातला जवळजवळ निम्मा वाटा घेतात. शाळेत स्वच्छ पाण्याचा नळ असेल तर अर्ध्या लिटरची बाटली पुन्हा भरून घेणे शहाणपणाचे.

धातूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले गंजरोधक पोलाद बहुतेक सर्व कामांना पुरते. तांब्याची बाटली केवळ पाण्यासाठी. लिंबूसरबत वा ताक तिच्यात घालू नये, कारण आंबट पदार्थात तांबे विरघळते. ताक तर कोणत्याही घट्ट बाटलीत उन्हाळ्यात नेऊ नये. ते आंबत राहते, आत वायू साठतो, आणि झाकण उघडताना सदऱ्याला त्याचा प्रसाद मिळतो. तांबे, पोलाद व ॲल्युमिनियम ह्यांच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक प्रसिद्ध केले असून त्याचा क्रमांक १७८०३ हा आहे. बाटलीवर आयएसआय चिन्ह आहे का, हे पाहून घ्यावे.

राहता राहिला वायसर. साधे रबर काही काळाने कडक होते व वास धरते. सिलिकोनचा वायसर उष्णता अधिक सोसतो व अधिक काळ लवचीक राहतो. तरीही सतत दाबाखाली राहून तोही हळूहळू चपटा होतो. कुकरची रिंग जुनी झाली की शिटीऐवजी कडेने वाफ जाऊ लागते, हे घरोघरी माहीत आहे. बाटलीचे दुखणे त्याच जातीचे, फक्त ते ऐकू येत नाही. म्हणून रात्री बाटली रिकामी असेल तेव्हा झाकण आवळून ठेवू नये. आठवड्यातून एकदा वायसर चमच्याच्या दांड्याने अलगद उचलून काढावा. त्याच्या खाचेत काळी बुरशी वाढते, आणि बाटली रोज विसळली तरी ती तेथेच राहते. ज्या झाकणाचा वायसर काढताच येत नाही ते झाकण कितीही घट्ट असले तरी घेऊ नये, कारण न गळणारी पण न धुता येणारी बाटली पिणाऱ्याला अधिक महाग पडते. धुतल्यावर वायसर आणि खाच दोन्ही कोरडी करून तो पहिल्यासारखाच, पीळ न पडता बसवावा. वर्षभर न गळलेली बाटली एखाद्या सोमवारी अकस्मात गळू लागली तर बहुधा रविवारी धुताना वायसर उलटा बसलेला असतो. बाटली घेतानाच त्याच मापाचा आणखी एक वायसर मागून घ्यावा आणि तो स्वयंपाकघरात कुकरच्या रिंगेशेजारी खिळ्याला अडकवून ठेवावा.