सातबारा कोरा, पण माती स्वच्छ आहे का?



समजा, मुरुडमधल्या एका गटाने भाजीपाल्यासाठी पाच गुंठे जमीन भाड्याने घ्यायची ठरवली. विहीर जवळ, रस्ता जवळ, भाडंही परवडणारं. सातबारा बघितला, बोजा नाही. सह्या करायच्या आदल्या दिवशी शेजारची आजी म्हणाली, "अगो, तिथे भंगारवाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा. त्या कोपऱ्यात अजून गवत धड उगवत नाही." आता हे खरं की खोटं, कुठल्या कागदात बघायचं?

या वेळचा आपला पाठ याच प्रश्नावर आहे.

कुठल्या कागदात काय दिसतं?

सातबाऱ्यात गाव नमुना ७ मालकी, क्षेत्र आणि बोजा सांगतो. नमुना १२ पिकं सांगतो. मातीत विषारी काही मुरलंय का, यासाठी त्यात रकानाच नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. शिसं आणि पारा त्यात नाहीत. म्हणजे पत्रिका चांगली आली तर माती पिकाला चांगली, एवढंच कळतं. ती विषमुक्त आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

बॅटरीतलं शिसं कुजत नाही की विरून जात नाही. ते मातीतच राहतं. धुळीतून आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा करतं.

सरकार दूषित जमीन कशी ठरवतं?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. पण दूषित जागा शोधून त्यांची नोंद ठेवायचे देशपातळीवरचे खास नियम जुलै २०२५ मध्ये आले. त्यात तीन पायऱ्या आहेत.

१. संशयित जागा. ग्रामपंचायतीसारखी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन अशा जागांची यादी करतं. स्वतःहून करतं, किंवा लोकांच्या तक्रारीवरून. ही यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायला हवी.

२. संभाव्य दूषित जागा. मंडळ माती-पाण्याचे नमुने घेऊन प्राथमिक तपासणी करतं. त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे.

३. दूषित जागा. प्राथमिक तपासणीत दोष दिसला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी होते. विषारी द्रव्य मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर जागा दूषित म्हणून जाहीर होते आणि तिच्या वापरावर बंधनं येतात. मग घाण कोणी केली ते शोधून सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा असतो.

आता पहिली पायरी पुन्हा वाचा. सगळं तिथूनच सुरू होतं. मंडळाचा माणूस गावोगाव माती हुंगत फिरत नाही. आजीला जे माहीत आहे ते कागदावर आलं नाही, तर यादीत ती जागा येणार कुठून?

काही गोष्टी मात्र या नियमांत बसत नाहीत. घरगुती कचऱ्याची साधी डेपोची जागा, खाणीमुळे झालेलं प्रदूषण, समुद्रातल्या तेलाचं प्रदूषण. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, त्यांची तक्रार या नियमाखाली चालणार नाही.

आपला काय संबंध?

मुरुडला नारळी-पोफळीच्या वाड्या, पर्यटन आणि समुद्र. इथे रासायनिक कारखाने नाहीत. पण आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात, लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे. तिथलं सांडपाणी दाभोळ खाडीला येतं म्हणून खाडीवरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. शिवाय बॅटऱ्या, इंजिनाचं जळकं तेल, रसायनांची रिकामी पिंपं यांना कारखाना लागत नाही. एक भंगाराचं आवार पुरतं.

बायकांनी केलेली नोंद

अमेरिकेत नायगारा फॉल्स गावात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती होती. एका कंपनीने तिथल्या जुन्या कालव्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. त्यावर शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. मुलं आजारी पडायला लागली तेव्हा लॉइस गिब्स नावाची एक गृहिणी शेजाऱ्यांची दारं ठोठावत फिरली. तिने आणि इतर बायकांनी कुठल्या घरात कोणता आजार आहे ते लिहून नकाशावर मांडलं. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली. १९८० मध्ये दूषित जागांची राष्ट्रीय यादी आणि सफाई यांसाठी कायदा झाला. त्या बायकांकडे शास्त्राची पदवी नव्हती. वही होती.

गटाने काय करायचं?

• गावातल्या जुन्या माणसांना विचारा: कुठे पिंपं पुरली, कुठे बॅटऱ्या फोडल्या, कुठे तेल ओतलं? जागा, अंदाजे वर्ष आणि सांगणारीचं नाव वहीत लिहा.

• माती वेगळ्या रंगाची, उग्र वास, गवत न येणं, विहिरीवर तवंग, ही लक्षणं बघा. पण घाई नको. आपल्या जांभ्याच्या मातीत लोहामुळेही तवंग येतो. काठीने हलवा. तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुधा लोहाचा. पुन्हा एकत्र आला तर तेलाचा असू शकतो.

• पिंपं उघडू नका, संशयित माती हाताने उचलू नका. फोटो लांबून घ्या.

• गावातल्या पाणी तपासणीच्या किटवर विसंबू नका. त्यात क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असं कळतं; शिसं किंवा रसायनं कळत नाहीत. प्रयोगशाळेत नमुना देताना "जड धातू तपासा" असं स्पष्ट लिहून द्या.

• ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ग्रामसंघातर्फे ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्या. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चिपळूणच्या कार्यालयाला पाठवा.

• तपासणी होईपर्यंत त्या जागेत भाजी लावू नका, मुलांना खेळू देऊ नका.

जागा यादीत आली तर किंमत पडेल, जमीनमालक नाराज होईल, हे खरं आहे. तो आपल्यातल्याच एखादीचा दीर किंवा मामा असेल. म्हणून आरोप करू नका. "तपासून द्या" एवढंच मागा. माती चांगली निघाली तर मालकाचाही फायदाच.

बैठकीत बोलूया

१. आपल्या वाडीत अशी कोणती जागा आहे, जिच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे पण कुठेच लिहिलेलं नाही?

२. गटाने जमीन घेताना सातबाऱ्याबरोबर आणखी कोणाला काय विचारायचं?

३. ही वही कोण ठेवेल?