दवाखान्यातले कागद

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. वाचायला शिकून त्यांना अजून वर्ष झालेले नाही. एके रात्री त्यांनी पिशवीतून घडी घातलेला जुना कागद काढला. म्हणाल्या, "गुरुजी, यावर काय लिहिलंय ते मला आज वाचता आलं."

त्यांचा मुलगा दवाखान्यात वारला, तेव्हा त्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता. कागदावर लिहिले होते, "आमचा कोणावरही संशय नाही. शवविच्छेदन नको."

मुलाच्या उपचारात चूक झाली होती की नव्हती, हे आता कोणालाच सांगता यायचे नाही. म्हणून हा धडा आम्ही लिहीत आहोत.

आधी एक खरी हकिकत वाचा. ती आहे १९६३ सालची. गाव औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. एक बाई बाळंतपणासाठी तिथल्या सरकारी दवाखान्यात गेली. १० जुलैला तिला मुलगा झाला. १३ जुलैला तिचे मूल बंद करण्याचे ऑपरेशन झाले. हे ऑपरेशन तसे साधेच. पण बाईला जोराचा ताप भरला. पोट असह्य दुखू लागले.

नवऱ्याने धावपळ केली. १५ तारखेला त्याने दवाखान्यातल्या दुसऱ्या एका मोठ्या सर्जनला बोलावून आणले. टाके उघडून आत पाहावे, असे त्या सर्जनने सुचवले, असे पुढे कोर्टात सांगण्यात आले. पण चार दिवस कोणी काही केले नाही. १९ तारखेला त्याच सर्जनने पोट उघडले. आत काय सापडले? एक टॉवेल! पहिल्या ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायला घेतलेला टॉवेल आतच राहिला होता. भोवती पू झाला होता. तो काढला, पण उशीर झाला होता. २४ जुलैला बाई वारली. बाळ दोन आठवड्यांचे होते.

नवरा कोर्टात गेला. ज्या सर्जनने टॉवेल बाहेर काढला, त्याने कोर्टात साक्ष दिली. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध खरे सांगावे, याला धीर लागतो. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार रुपये भरपाई द्यायला सांगितले. हायकोर्टाने तो निकाल फिरवला. दवाखाना चालवणे हे राज्यकारभाराचे काम आहे, त्यासाठी सरकारला जबाबदार धरता येणार नाही, असे तिथे ठरले. नवरा हटला नाही. तो दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेला. १९९६ च्या फेब्रुवारीत तिथे निकाल लागला. पोटात टॉवेल राहतो, यातच निष्काळजीपणा दिसतो, आणि नोकरांच्या चुकीची जबाबदारी सरकारवर येते, असे कोर्टाने सांगितले. छत्तीस हजारांचा हुकूम पुन्हा कायम झाला.

तोवर ते बाळ बत्तीस वर्षांचे झाले असेल. इतका उशीर म्हणजे न्यायच नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांलाही तसेच वाटते. पण फुकट दवाखान्यात गेलेल्या गरिबालाही दाद मागता येते, हे त्या माणसाच्या चिकाटीने पक्के झाले.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर चुकला, असे नाही. नीट उपचार करूनही माणसे जातात. अंगावर धावून जाणे, खुर्च्या फोडणे यांनी तर आपलीच बाजू बुडते. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. त्यात तुरुंगवास होतो आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते.

मग संशय आला तर काय करावे? घाईने दहन किंवा दफन करू नका. एकदा अग्नी दिला की पुरावा गेला. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. पोलीस येतात आणि आसपासच्या दोन किंवा अधिक भल्या माणसांसमोर प्रेताची पाहणी करून लिहून घेतात. याला मरणोत्तर पंचनामा म्हणतात. मरणाचे कारण कळत नसेल तर प्रेत सरकारी डॉक्टरकडे पाठवतात. तो शवविच्छेदन करतो, म्हणजे शरीर उघडून कारण शोधतो. पुष्कळांना हे नको वाटते. देहाची विटंबना होते, असे घरचे म्हणतात. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. पण टॉवेल आत होता हे पोट उघडल्यावरच कळले ना?

पंच म्हणून तुम्हांला बोलावले, तर लिहिलेले सगळे वाचा आणि मगच सही करा. "लवकर करा, लवकर करा," असे कोणी म्हणाले तरी वाचा.

पैसे घेऊन उपचार झाले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने हा मार्ग मोकळा केला. सगळ्यांना फुकट उपचार देणाऱ्या दवाखान्यासाठी मात्र दिवाणी कोर्ट. डॉक्टरवर फौजदारी खटला सहसा चालत नाही. त्याला फार ढोबळ निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मतही आधी घ्यावे लागते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीची माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो. त्यांचे उत्पन्न विचारत नाहीत. इतर गरिबांनाही मिळतो, पण त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

पण वकील पहिल्यांदा काय मागेल? कागद! रोग्याने किंवा त्याच्या माणसाने मागितले तर ७२ तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ सालचा नियम आहे. तोंडी मागू नका. खालचा अर्ज वहीत दोनदा लिहून काढा. नावे आपल्या घरची घाला.

"मा. वैद्यकीय अधिकारी यांस,
माझा मुलगा ………… हा आपल्या दवाखान्यात दि. ………… पासून दि. ………… पर्यंत होता. त्याचे केसपेपर, ऑपरेशनची नोंद, एक्स-रे व रक्त तपासणीचे रिपोर्ट यांच्या नकला मला द्याव्यात. नकलांचा खर्च मी देईन.
सही …………"

अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या. दुसरीवर त्यांचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. तिला पोच म्हणतात. ती घरी जपून ठेवा.

वर्गातल्या त्या बाईंनी हा अर्ज पहिल्यांदा लिहिला तेव्हा "अधिकारी" शब्दाला तीनदा खाडाखोड झाली. चौथ्यांदा बरोबर आला.