स्वच्छ विजेसाठी तुमची वस्ती वचनबद्ध होईल का?

१ संध्याकाळी बटण दाबताच दिवा लागतो. ती वीज कोठून आली, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. परंतु चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राजवळ राहणाऱ्यांना तो विचारावाच लागत नाही. धुरांडी व राख त्यांच्या रोजच्या दृष्टीस पडतात. आपल्या घरातील उजेडाची किंमत आपल्याशिवाय आणखी कोणीतरी मोजत असते, हे यावरून दिसून येत नाही का?

२ भारतात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज २०२३-२४ मध्ये कोळशापासून तयार झाली. अशा मिश्र विजेच्या प्रत्येक युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. एका कुटुंबाने दोन दिवे कमी लावणे चांगलेच. पण संपूर्ण वस्तीने मिळून स्वच्छ वीज घेण्याचे ठरवले तर काय साध्य होऊ शकते?

एका ग्रामपंचायतीचे उदाहरण

३ तमिळनाडूच्या कोइम्बतूर जिल्ह्यातील ओडंथुराई या ग्रामपंचायतीचा विचार करा. पाणीपुरवठा व पथदिवे यांमुळे पंचायतीचे विजेचे बिल वाढत चालले होते. अध्यक्ष आर. षण्मुगम यांच्या कारकिर्दीत पंचायतीने प्रथम लहान उपाय केले. काही पथदिवे सौरऊर्जेवर चालू लागले, तर पाण्याचे पंप चालवण्यासाठी लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून वायू बनवण्यात आला. त्यानंतर, २००६ मध्ये, पंचायतीने ३५० किलोवॉटची स्वतःची पवनचक्की उभारली. सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये खर्चापैकी ४० लाख पंचायतीच्या शिलकीतून आले व उरलेले बँकेच्या कर्जातून.

४ ही पवनचक्की गावात नाही. वारा भरपूर असलेल्या उडुमलपेट परिसरात ती उभी आहे. तिची वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि पंचायतीच्या वापरातून वजा होते. गावाची गरज भागून उरलेली वीज मंडळाला विकली जाई व त्या पैशातून कर्ज फेडले जाई. यावरून कोणता धडा मिळतो? स्वच्छ वीज घेण्यासाठी प्रत्येकाच्या छपरावर पट्ट्या असणे आवश्यक नाही; आवश्यक आहे तो एकत्र घेतलेला निर्णय.

५ येथे कोणी म्हणेल: ‘तारेतून येणारी वीज तर सर्वांची सारखीच असते!’ हे खरे आहे. एखाद्या तलावात अनेक ओढे मिळतात, तेव्हा तुमच्या घागरीत कोणत्या ओढ्याचे पाणी आले हे सांगता येत नाही. तथापि, तुम्ही जितके पाणी घेता तितके स्वच्छ पाणी तलावात सोडण्याची व्यवस्था केलीत, तर संपूर्ण तलाव तेवढ्या प्रमाणात स्वच्छ होतो. स्वच्छ वीज विकत घेणे म्हणजे नेमके हेच.

तुमच्यापुढील तीन मार्ग

६ पहिला मार्ग छपराचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी दर किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. समजा, लिफ्ट, पंप व जिन्यातील दिवे मिळून महिन्याला १,२०० युनिट लागतात. एक किलोवॉट संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे १० किलोवॉट पुरेसे होतात. त्यासाठी सावली न पडणारी सुमारे १,००० चौरस फूट गच्ची हवी. अनुदान १,८०,००० रुपये होते. हे अनुदान निवासी ग्राहकांसाठी आहे. मंडळीच्या सभागृहासाठी हिशेब वेगळा मांडावा लागेल.

७ दुसरा मार्ग हरित दराचा. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये, सर्व वीज अक्षय स्रोतांची हवी असे सांगणाऱ्या ग्राहकासाठी, प्रति युनिट ६६ पैसे जादा दर ठरवला. इतर काही राज्यांतही अशी सोय आहे. दर आदेशानुसार बदलतात, म्हणून चालू दर आपल्या वीज कंपनीकडे विचारावा. यात गच्ची नको, कर्ज नको. एक अर्ज पुरतो.

८ तिसरा मार्ग मोठ्या ग्राहकांचा आहे. शाळा, रुग्णालय किंवा वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेसाठी तो विचारार्ह आहे. जून २०२२ च्या केंद्रीय नियमांनी, उत्पादकाकडून थेट हरित वीज घेण्याची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. मात्र वहन आकार व इतर आकार धरूनच तुलना करावी.

खर्चाचा अंदाज आधी घ्या

९ बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा दाखला तुम्हाला ठाऊक आहे. (लूक १४:२८-३०) बिहारमधील धरनई गावाची हकीकत येथे विचार करण्याजोगी आहे. २०१४ मध्ये तेथे १०० किलोवॉटचा सौर प्रकल्प मोठ्या उत्साहात सुरू झाला. पुढे सरकारी वीज आली. ती स्वस्त होती. सौर विजेचे ग्राहक घटले, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि काही वर्षांतच प्रकल्प बंद पडला. सूर्य तळपतच होता. कमी पडली ती देखभालीची तरतूद व दीर्घकाळ टिकणारी बांधिलकी.

१० तेव्हा, सभेत टाळ्यांनी घेतलेला निर्णय पुरेसा समजू नका. ठराव लेखी करा. त्यात किती युनिट, किती वर्षे, कोणाचा वाटा किती आणि पट्ट्या धुण्याचे काम कोणाकडे, हे स्पष्ट लिहा. दर महिन्याचे बिल सूचना फलकावर लावा. आणि एका गोष्टीचा विसर पडू देऊ नका: सर्वांची मिळकत सारखी नसते. ज्या विधवेला एकदम रक्कम देणे शक्य नाही, तिचा वाटा हप्त्यांनी घेण्याची सोय आधीच ठेवा. शेजाऱ्याच्या हितासाठी घेतलेला निर्णय शेजाऱ्यालाच जड होऊ नये.

११ सुरुवात कोठून करावी? या महिन्यात वस्तीची मागील बारा बिले एकत्र करा. मंजूर भार व वार्षिक युनिट टिपून घ्या, गच्ची मोजा, वीज कंपनीला हरित दर विचारा. मग सभा बोलवा. वर उल्लेखिलेला १० किलोवॉटचा संच वर्षाला सुमारे १० टन कार्बन डायऑक्साइड टाळू शकतो. चंद्रपूरच्या धुरांड्यांपुढे हे थोडे आहे. पण तो वाटा तुमचा आहे, आणि तुमच्याऐवजी तो दुसरे कोणी उचलणार नाही.

उजळणीसाठी प्रश्न

• ओडंथुराईच्या उदाहरणातून आपण काय शिकतो?

• सर्व वीज एकाच तारेतून येत असता, स्वच्छ वीज विकत घेण्याला अर्थ कसा राहतो?

• तुमच्या वस्तीसाठी तीनपैकी कोणता मार्ग व्यवहार्य आहे, व का?

• धरनईत जे घडले ते टाळण्यासाठी ठरावात कोणत्या गोष्टी असाव्यात?